बांधावरची मेढ

आत्माराम घरतने आयुष्यात बरीच विचित्र माणसं पाहिली होती, पण जनावराची विष्ठा चिमट्याने उचलून कागदाच्या पुडीत बांधणारी शिकलीसवरलेली मुलगी त्याने त्या सकाळी पहिल्यांदाच पाहिली. बरं, ती दुसऱ्या कुणाच्या नव्हे, त्याच्याच बांधावर उकिडवी बसली होती. एका उंबराच्या बुंध्यापाशी तिला काहीतरी वाळकं, बियांनी भरलेलं सापडलं. तिने ते नाकाजवळ नेलं, वास घेतला आणि खुदकन हसली.

"काय गं, हरवलंय काय?" आत्मारामने काठी टेकत विचारलं.

"हरवलं नाही काका, सापडलंय. उदमांजर येऊन गेलंय इथे. आणि बघा, पोटात जांभळाच्या बिया!"

सकाळी सकाळी इतका आनंद कुणाला कशाने व्हावा याला काही नेम नाही. आत्मारामने घसा खाकरला आणि जायला निघाला, पण पाय निघेना. या म्हाताऱ्याची एक खोड होती. रागीट होता, हट्टी होता, शब्दाला शब्द वाढवणारा होता. पण एखादी गोष्ट कळली नाही की ती कळेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे. तो मागे वळला आणि तिच्या शेजारी येऊन बसला.

मुलीचं नाव आर्या. राहायला विरारला, शिकायला मुंबईच्या कॉलेजात. तुंगारेश्वरच्या डोंगराला अभयारण्य जाहीर होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. वालीवचे कारखाने मागे टाकून, हायवे ओलांडून आत गेलं की डोंगराच्या अगदी पायाशी वेळशेत नावाचं गाव, तिथला हा बांध. गावाच्या एका अंगाला तुंगारेश्वरचा मोठा डोंगर, दुसऱ्या अंगाला धाकटी टेकडी. मधे भातशेतं आणि उघडा माळ. मोठ्या डोंगरावर तोड थांबल्यापासून झाडी पुन्हा भरू लागली होती. धाकटी टेकडी मात्र अजून अर्धी बोडकीच होती. डोंगरातलं बी टेकडीपर्यंत पोचतं का, आणि पोचत असेल तर कोण नेतं, हे आर्याला शोधायचं होतं.

"रान एका जागी कोंडलं की खंगत जातं काका. त्याला येजा लागते. आणि झाडांना पाय नसतात, म्हणून दुसऱ्याच्या पोटातून जावं लागतं."

आत्मारामला हे पटलं. पोटातून जाण्याची कल्पना त्याला विशेष आवडली.

"पण मला एक कोडं सुटत नाही," ती म्हणाली. "उंबर ओढ्याच्या काठाला वाढतो. इथे ओढा नाही, विहीर नाही, कोरडा बांध आहे. तरी डोंगरापासून टेकडीकडे उंबर रांगेत उभे आहेत. मला वाटतं, जमिनीखालून जुना ओढा जात असणार."

यावर आत्माराम जो हसला तो खोकला लागेपर्यंत हसला.

"ओढाबिढा काय नाय. ही आमची लगनं हायत."

मग त्याने तिला सांगितलं. मांडव घालताना उंबराची फांदी पुरतात, ती मेढ. ती तर सगळीकडेच पुरतात. इतर ठिकाणी लग्न झालं की मेढ काढून पाण्यात सोडतात, नाहीतर परसात टाकून देतात. वेळशेतात मात्र ती ओल्या फडक्यात जपून ठेवतात. पाचपरतावनाला, म्हणजे लग्नानंतर पाचव्या दिवशी मुलगी माहेरी आली की ती मेढ तिने स्वतःच्या हाताने शिवेच्या बांधावर लावायची, आपापल्या घराच्या शेतापाशी. पाऊस पडेपर्यंत घरातल्यांनी पाणी घालायचं. उंबर मोठा चिवट. दहांतल्या बऱ्याच फांद्या मूळ धरतात.

"म्हणजे हे झाड…"

"ही माजी आत्या. वाकडी होती, झाड बी वाकडंच वाढलं. त्यापुढची आमची चुलत बहीन. आनि ती शेवटची सत्यवती, माजी सख्खी बहीन, कळंबला दिलेय. तिच्या उंबराला सगल्यांत जास्त फळ. पाखरं दिवसभर कलकल करतात. सत्यवती बी तशीच."

आर्याने पुडी पिशवीत सारली. मग उठली आणि प्रत्येक झाडापाशी जाऊन खाली पाहू लागली. आत्यापाशी भोकराची रोपं होती. चुलत बहिणीच्या सावलीत जांभळाची पिलावळ उगवली होती, मधे आसाण्याची दोनचार. सत्यवतीखाली तर पाय ठेवायला जागा नव्हती. बिया खाऊन आलेलं पाखरू उंबरावर बसतं, उंबर खातं आणि आधी खाल्लेलं खाली टाकतं, एवढीच ती कहाणी. शंभरेक वर्षं लेकी सासरी जात होत्या आणि त्यांच्या मागे डोंगर हळूहळू शेतात उतरत होता. आत्मारामने हा बांध जन्मापासून पाहिला होता. बुंध्याखाली मात्र तो त्या दिवशी पहिल्यांदा वाकला.

"आणि इथे?" आर्याने विचारलं.

सत्यवतीच्या पुढे काहीच नव्हतं. उन्हाने करपलेलं गवत, घाणेरीची झुडपं आणि लांबलचक उघडा बांध. मग पार पलीकडे शेजारच्या काळूरामच्या शेतापाशी पुन्हा उंबर सुरू होत होते आणि ते टेकडीला भिडत होते.

"हेही तुमचंच शेत ना? इथे कुणाची मेढ नाही?"

"नाय."

"तुमच्या घरी मुलगी नव्हती?"

"नाय बोललो ना! कामं पडल्यात मला," असं म्हणून आत्माराम ताडताड निघून गेला.

ते धडधडीत खोटं होतं. आत्मारामला एकच मूल, आणि ती मुलगी. तिचं नाव हेमांगी. ती शाळेत असतानाच तिची आई द्वारका वारली. तेव्हापासून तिची वेणी घालण्यापासून डबा भरून देण्यापर्यंत सगळं याने केलं. वेणी कायम एका बाजूला झुकायची आणि पोरगी तशीच शाळेत जायची. मोठी झाल्यावर ती वालीवच्या एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब लिहायला लागली. तिथे टेम्पोतून माल पोचवायला सांडोरचा मार्सेल यायचा. घरची केळीची वाडी, स्वभावाने शांत, पण ख्रिस्ती. मागणी घालायला दारात आला, तर आत्मारामने त्याला तिथूनच परत पाठवलं. तिने सहा महिने वाट पाहिली, मग दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या. ना मांडव, ना चर्च.

आणि तरीही पाचव्या दिवशी ती आली. कुठूनतरी उंबराची फांदी मिळवून, ओल्या फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून आली. आत्माराम अंगणात उभा राहिला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुजी मेढ या बांधावर लागनार नाय." ती आल्या पावली परत गेली. याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत बापाने लेकीचं नाव तोंडातून काढलं नाही आणि एक दिवस तिच्या आठवणीशिवाय काढला नाही. पण हे तो कुणाला सांगणार? सांगायचं तर आधी चुकलो म्हणावं लागलं असतं, आणि तो शब्द त्याच्या घशाखालून वर येत नव्हता.

आर्या पोरगी मोठी चिकट. चार दिवसांनी पुन्हा आली, जणू काही झालंच नाही. आत्मारामही मुकाट तिच्याबरोबर बसला, कारण आता त्यालाच चैन पडत नव्हतं. संध्याकाळ होती. डोंगराकडून हरियालांचा थवा आला, हिरवी पिवळी कबुतरं ती. आत्यावर टेकली, तिथून चुलत बहिणीवर, तिथून सत्यवतीवर. तिथे पोटभर खाल्लं, कलकलाट केला आणि उडून परत डोंगराकडे गेली.

"बघितलंत?" आर्या म्हणाली. "रोज असंच. सत्यवतीआत्यांपाशी येतात आणि माघारी फिरतात. पुढे टेकायला काही नाही. काळूरामकाकांच्या झाडांखाली मी पाहिलं, डोंगरातलं एकही रोप नाही. एवढ्या एका तुकड्यामुळे सगळं अडलंय."

त्या दिवसापासून आत्मारामला वेड लागलं. रोज संध्याकाळी तो बांधावर जाऊन बसू लागला. पाखरू सत्यवतीवर आलं की मनात म्हणायचा, आता जा पुढे, जा. पाखरू मागे फिरलं की चरफडायचा. एकदा तर त्याने स्वतः कसलीतरी विष्ठा पळसाच्या पानात बांधून आर्यासाठी ठेवली. काळूरामच्या बायकोने ते पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं की आत्मारामदादांचं डोकं सरकलं.

वैशाख उजाडला. एका सकाळी आत्माराम कोयता घेऊन निघाला, सत्यवतीच्या उंबराची मनगटाएवढी जाड, सरळ फांदी तोडली, खांद्यावर टाकली आणि रिकाम्या जागेत खड्डा करून रोवली. भोवती काट्यांचं कुंपण केलं आणि गावच्या विहिरीवरून कळशी आणून ओतली. स्वतःला त्याने बजावलं की हे फक्त पाहण्यासाठी आहे. पाखरू पुढे जातं की नाही, एवढंच पाहायचं, बाकी काही नाही.

फक्त एक गोष्ट त्या शहाण्याच्या ध्यानात आली नाही. ऐन लग्नसराईत, भर सकाळी, खांद्यावर उंबराची फांदी घेऊन वेळशेतात माणूस चालला तर त्याचा अर्थ एकच होतो.

"कोनाचं लगीन?" काळूरामने बांधावरूनच हाक दिली.

"कोनाचंच नाय."

"मेढ लावलीस आनि लगीन नाय? मग कशाला लावलीस?"

"पाखरांसाठी."

काळूरामने त्याच्याकडे नीट पाहिलं. इतकं लंगडं उत्तर माणूस काहीतरी लपवायचं असेल तरच देतो. घरात लग्नाचं कुणी नाही. मुलगी गेलेली. उरला एकटा आत्माराम, साठी उलटलेला, विधुर, हल्ली संध्याकाळी बांधावर एकटाच बसून हसणारा. काळूरामने हिशेब जुळवला आणि दुपारपर्यंत तो गावभर पोचवला.

मग काय विचारता! लाजून लपूनछपून म्हातारा लग्न करतोय म्हटल्यावर नवरीचा शोध सुरू झाला. कुणी पारोळची एक विधवा सांगितली. कुणी बालवाडीच्या बाईंचं नाव घेतलं, तर त्या बिचाऱ्या बाईंनी आत्मारामच्या दारावरून जाणंच सोडलं. एकाने त्याला कोपऱ्यात घेऊन केसांना काळं लावायचा सल्ला दिला. आत्माराम जितका संतापायचा तितकी लोकांची खात्री पटत होती.

आठवड्याभरात कळंबहून सत्यवती आली. हातात सुक्या बोंबलांची पिशवी आणि तोंडाचा पट्टा दारातूनच सुरू.

"माज्या झाडाची फांदी तोडून लगीन करतोस, आनि मला आवतन नाय? वयनी कोन ते तरी सांग!"

आत्मारामने कपाळावर हात मारला. तिला धरून बांधावर नेलं, हरियालांचं सांगितलं, बियांचं सांगितलं, डोंगर आणि टेकडीचं सांगितलं. सत्यवतीने सगळं ऐकून घेतलं. मग त्या रोवलेल्या फांदीकडे पाहत म्हणाली, "पाखरांसाठी लाव नायतर मुंग्यांसाठी लाव. जागा कोनाची हाय ते तुला म्हाईत हाय." चहाही न घेता ती उठली आणि गेली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात फांदीला डोळे फुटले. तांबूस, बोटाच्या पेराएवढे कोंब. आर्या परीक्षेच्या आधी एकदा धावत येऊन पाहून गेली आणि आनंदाने टाळ्या वाजवल्या. "काका, जगणार ही! पण आता पाऊस पडेपर्यंत अजिबात हात लावू नका. खाली मूळ सुटायला लागलं असेल. हलली तर गेली. या वर्षी हीच एक आशा." आत्मारामने कुंपणाला आणखी काटे लावले आणि दिवसातून दोनदा पाणी घालू लागला. पाणी घालताना तो हल्ली हळू आवाजात काहीतरी बोलत असे. पाखरांशी नक्कीच नसावा.

आणि एका दुपारी, ऊन असं तापलेलं की कुत्रंही सावली सोडत नव्हतं, केळीचे घड उतरवून रिकामा झालेला एक टेम्पो बांधाच्या टोकाला येऊन थांबला. दार धाडकन आपटलं. साडीचा पदर कमरेला खोचत एक बाई बांधावरून झपाझप येऊ लागली. आत्मारामच्या हातात कळशी होती. ती त्याने खाली ठेवली.

"बाबा, तू लगीन करतोस?"

सहा वर्षांनी लेक समोर आली आणि पहिलं वाक्य हे. आत्मारामला हसावं की रडावं कळेना.

"कोन बोललं तुला?"

"आत्या बोलली. सांडोरला आली होती. म्हनाली, बाप लगीन करतोय, मेढ बी लावली, जाऊन बघ. लगीन कर, माझं काय नाय. पण आईच्या घरात कोन येतंय ते मला दुसऱ्याकडनं कळावं?"

म्हणजे सत्यवतीने खरं काय ते माहीत असूनही लेकीला खोटंच सांगितलं होतं. आत्मारामने मनातल्या मनात बहिणीला एक शिवी दिली आणि लगेच हातही जोडले.

"मी लगीन करत नाय," तो म्हणाला.

हेमांगीची नजर तोवर कुंपणाकडे गेली होती. ती जवळ गेली. सत्यवतीच्या उंबराकडे पाहिलं, पलीकडे काळूरामच्या उंबरांकडे पाहिलं आणि मधल्या या फांदीकडे. जागा तिला ओळखू आली नसती तरच नवल. तिचा आवाज एकदम खाली आला.

"मग ही कोनाची?"

आत्मारामने तोंड उघडलं. सांगणं सोपं होतं. तुझीच, असं म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण याच लेकीला सहा वर्षांपूर्वी त्याने मनात होतं ते सगळ्या गावासमोर तोंडावर सुनावलं होतं, आता तिला बरं वाटावं म्हणून खोटं कसं बोलणार?

"पाखरांसाठी लावली," तो म्हणाला. "डोंगरातली पाखरं सत्यवतीपाशी येऊन माघारी फिरतात. ती पुढं जातात का ते बघायचं होतं."

"पाखरांसाठी," हेमांगी म्हणाली. तिने मान हलवली, ओठ घट्ट मिटले आणि ती वळली.

"तुज्यासाठी लावायची हिंमत नव्हती," आत्माराम मागून म्हणाला. "पाखरांचं नाव सांगून लावली. मी चुकलो, हेमा. तू फांदी घेऊन आलीस त्या दिवशीच चुकलो. ती फांदी… तिचं काय केलंस?"

"काय करनार? रिक्षात ठेवून गेले. सुकली असेल कुठंतरी." ती पाठमोरीच होती. डोळे पुसत होती. "आनि ही तरी माझी कशी होईल? मेढ काय बाप लावतो? लेक लावते. ही तुझी आनि पाखरांची. राहू दे."

आत्मारामने फांदीकडे पाहिलं. तांबूस कोंब उन्हात चमकत होते. महिनाभर त्याने लेकरासारखं जपलेलं ते झाड. आर्याचे शब्द त्याला स्पष्ट आठवले. पाखरं, जांभळाची रोपं, डोंगर, टेकडी, सगळं आठवलं. मग त्याने काट्यांचं कुंपण दोन्ही हातांनी बाजूला केलं. तळहाताला काटे रुतले तरी थांबला नाही. फांदी बुडापाशी धरली आणि एका हिसक्यात उपटून काढली. टोकाला सुताएवढी पांढरी मुळं सुटली होती, त्यातली निम्मी तुटून मातीत राहिली.

"बाबा!" हेमांगी किंचाळली. "अरे, फुटली होती ती!"

"फुटली तर फुटली. मेली तर दुसरी आनू, ती मेली तर तिसरी." त्याने फांदी तिच्यापुढे धरली. हातातून रक्त आणि माती ओघळत होती. "घे. लाव तुज्या हातानं."

हेमांगीने एकदा त्याच्या हातांकडे पाहिलं आणि फांदी घेतली. मग ती खाली बसली. बोटांनी खड्डा आणखी खोल केला, आणि फांदी उभी धरून भोवती माती लोटू लागली. लोटता लोटता ती मोठ्याने रडू लागली. आत्मारामही रडत होता, पण त्याचं ध्यान दुसरीकडेच होतं.

बांधाच्या टोकाला टेम्पोत स्टिअरिंगवर हात ठेवून मार्सेल बसला होता. उतरला नव्हता. एकदा दारातून परत पाठवलेला माणूस बोलावल्याशिवाय कसा उतरणार? आत्माराम बांधावरून चालत गेला, म्हातारपणात माणूस जितका भरभर चालू शकतो तितका भरभर, आणि टेम्पोच्या खिडकीपाशी उभा राहिला.

"उतरा, जावई. कळशी तिकडं पडलेय. मेढीला पहिलं पानी जावयानं घालायचं असतं."

"असं कुठं असतं?" मागून हेमांगी ओरडली. "मी कधी नाय ऐकलं!"

"आजपासून हाय," आत्माराम म्हणाला आणि त्याने टेम्पोचं दार उघडलं.